दाजींचं न फुटणारं बटण

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, कुठल्याही दारातून सरळ आत जात नाहीत. आधी दाराकडे बघतात, मग चौकटीच्या माथ्याकडे, मग भिंतीवरच्या बटणाकडे. एकदा ताईला दवाखान्यात ठेवलं होतं. आम्ही सगळे तिच्या खाटेभोवती तोंडं पाडून उभे, आणि दाजींचा पत्ता नाही. शोधायला गेलो, तर स्वारी वॉर्डाच्या दाराशी बटणाला कान लावून उभी. मला बघून म्हणाले, "स्प्रिंग गेलीय. अजून महिनाभर टिकलं तरी डोक्यावरून पाणी." आत बायकोला सलाइन लावलेलं, आणि यांना स्प्रिंगची काळजी. मी काय बोलणार? त्यांच्याच दुकानात कामाला होतो, अजूनही आहे.

दाजींचा धंदा दारांचा. दारं बनवायचा नव्हे, बंद ठेवायचा. दाराच्या माथ्यावर चुंबकाचं कुलूप बसवायचं. बाहेरच्याने कार्ड टेकवलं की दार सुटतं. आतल्याला बाहेर पडायचं असेल तर भिंतीवर एक बटण असतं. ते दाबलं की चुंबकाची वीज क्षणभर तुटते आणि दार उघडतं. एवढंच. पण या बाहेर पडायच्या बटणावर दाजी तासभर बोलू शकतात, आणि बोलतातच. त्यांचं म्हणणं असं की कार्डाला लोक जपतात, कुलपापर्यंत हात पोचत नाही, सगळा राग निघतो तो बटणावर. कोणी त्यात चघळलेलं गम चिकटवतो, कोणी विडी विझवतो, कोणी किल्लीने कोरतो, कोणाचं घरी भांडण झालेलं असतं तो लाथ घालतो. "माणूस कसा आहे हे त्याच्या दाराचं बटण बघून सांगतो मी," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गिऱ्हाईक बिचारं आपल्या दाराचं बटण आठवून गप्प बसायचं.

दाजी मनाने वाईट नाहीत. अडल्यानडल्याला धावून जातात, उधारीला नाही म्हणत नाहीत. पण नाकावर माशी बसू देणार नाहीत. त्यांनी बसवलेली वस्तू मोडली, की कोणीतरी त्यांच्याच कानाखाली वाजवल्यासारखे लाल होतात.

त्यांचे वडील, तात्या, त्यांच्याजवळच राहतात. तात्यांची उभी हयात टेलिफोनच्या तारांवर गेली. वादळात तारा तुटल्या की बाकीची माणसं घरात शिरायची आणि तात्या बाहेर पडायचे. खांबावर एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने जोड मारायचा, ही त्यांची ख्याती. दाजींना वायर सोलायला त्यांनीच शिकवलं. उतारवयात मात्र त्यांचे सांधे धरले. बोटांची पेरं सुजली, बोटं वाकडी होऊन तळव्याकडे वळली. ते चमच्याने जेवू लागले आणि म्हणाले, हात खराब होत नाहीत. सदरे कपाटात गेले, डोक्यातून घालायचे टी-शर्ट आले. ताईने चेष्टा केली, "तात्या आता कॉलेजात जाणार." तेही हसले. आम्ही सगळ्यांनी ती बोटं रोज पाहिली, आणि कोणीच ती पाहिली नाहीत. माणसाला स्वतःहून सांगायची लाज वाटत असेल, तर घरातली माणसं किती सहज आंधळी होतात!

तात्यांचं एकच व्यसन होतं. सकाळी न्याहारी झाली की काठी टेकत खाली उतरायचं आणि बागेतल्या बाकावर जाऊन बसायचं. तिथे लायनीवरचे जुने सोबती जमायचे. घरात तात्या हळू बोलायचे, बाकावर मोठ्याने.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. दाजींचं बिऱ्हाड मधल्या मजल्यावर, माझं बरोबर त्यांच्या डोक्यावर. खालच्या काचेच्या दाराचं कुलूप अर्थात दाजींनीच बसवलेलं. बटण साधं होतं, प्लास्टिकचं. एका सकाळी ते तडकलेलं दिसलं. दाजींनी बदललं. काही आठवड्यांनी पुन्हा तडकलं, मधोमध, दणका घातल्यासारखं. पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा ते भिंतीतून निखळून वायरीवर लोंबत होतं, आणि इमारतीच्या सेक्रेटरीबाई ते दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवत होत्या.

"घरच्या माणसाला काम दिलं की असं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेरचा असता तर दोन शब्द सुनावता तरी आले असते."

त्यांनी सुनावले ते दोन शब्द नव्हतेच जणू! दाजींच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून जिन्यात जो भेटेल त्याला थांबवून ते सांगू लागले, "जो कोणी हे करतोय ना, त्याला लाज नावाची चीज नाही. बापाने काही शिकवलंच नसणार असल्याला." घरी जेवतानाही हेच. तात्या समोर बसून चमच्याने भात खात असायचे आणि दाजी त्या अज्ञात इसमाच्या बापाचा उद्धार करत असायचे.

मग दाजींनी तपास सुरू केला. फुटलेली बटणं टेबलावर मांडून भिंग घेऊन बसले. प्रत्येकावर एक गोल डाग होता, लाकडाचा तपकिरी रंग उतरलेला. "लाथ नाही, किल्ली नाही," ते मला म्हणाले, "हा दांडा आहे. गोल, लाकडी दांडा. आता मला सांगा मेहुणेबुवा, या इमारतीत दांडा घेऊन रोज कोण फिरतं?"

रोज फिरायची ती मावशी. जिने आणि खालची जागा झाडायला-पुसायला यायची. उंच, हाडकुळी, कामाला वाघीण, आणि तोंडाने कमी. लादी पुसायच्या फडक्याला तिने लाकडी दांडा लावलेला होता.

त्या सकाळी दाजींनी तिला खाली दाराशीच गाठलं. सेक्रेटरीबाई होत्या, कामावर निघालेली बरीच मंडळी होती, मी होतो. तात्याही बाकावर जायला निघाले होते, ते जिन्याच्या शेवटच्या वळणावर काठी टेकून थांबले.

"मावशी, तो दांडा जरा इकडे द्या."

तिने दिला. दाजींनी त्याचं टोक फुटक्या बटणावरच्या डागावर टेकवलं. तंतोतंत बसलं. दाजींनी सगळ्यांकडे असं बघितलं, जसा जादूगार टोपीतून कबूतर काढल्यावर बघतो.

"मी कशाला मोडू साहेब?" मावशी म्हणाली. "मला पण याच दाराने घरी जायचं असतं."

"मग हा डाग काय आभाळातून पडला?"

"ते मला काय माहीत? मी मोडलं नाही."

"दोन्ही हातांत बादल्या असतात तुमच्या. कोण खाली ठेवणार? दांड्याने दिला दणका, उघडलं दार. सरळ कबूल करा, विषय संपला. लाज कशी वाटत नाही म्हणतो मी! कोणी काही शिकवलंच नाही वाटतं."

मावशीचा चेहरा उतरला. तिने जिन्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, झाडायचा राहिलेला जिना बघतेय. मग तिने गळ्यातलं कार्ड काढलं, टपालाच्या पेट्यांवर ठेवलं आणि दाजींच्या हातातून आपला दांडा परत घेतला. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, उद्यापासून दुसरी बाई बघू. झालं.

मावशीने त्या बटणाचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकतो. गोष्ट रंगवून सांगायची हौस मला नाही, आणि या गोष्टीत रंगवण्यासारखं काही नाही. चारचौघांत एका कष्टाच्या बाईचं नाव खराब झालं, आणि ते केलं आमच्या दाजींनी, डागाला टोक लावून.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दाजींनी आपलं लाडकं बटण आणलं. जाड पोलादी पट्टी, साध्या पेचकसाला दाद न देणारे स्क्रू, मधोमध बोटाच्या पेराएवढं बटण. बटणाभोवती वर आलेलं भक्कम कडं आणि बटण त्या कड्याच्या आत खोल बसलेलं. मुद्दाम तसं केलेलं असतं. दणका कड्यावर बसतो, बटणाला धक्का लागत नाही. दाजींनी इमारत गोळा केली आणि हातोड्याने त्याच्यावर दणादण घाव घातले. कड्यावर चरा उमटला, बस्स. मग त्यांनी एक बोट आत घालून दाबलं, आणि दार अलगद सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीबाईंनीसुद्धा.

"हे फक्त माणसाचं बोट ओळखतं," दाजी म्हणाले. "काठ्या-दांड्यांना इथे थारा नाही."

मागून तात्यांनी विचारलं, "बोट पुरतं आत घालावं लागतं का रे?"

"नाहीतर काय! तीच तर गंमत आहे, तात्या."

तात्या बरं म्हणाले आणि वर गेले.

पुढे बटण काही फुटलं नाही. त्यामुळे मावशीच दोषी होती हे आपोआप सिद्ध झालं, असं सगळ्यांनी धरलं. दाजींचा तर भाव वधारला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ही हकिगत सांगायचे, डाग, दांडा, हातोडा, सगळं हातवारे करून. मी पाठीमागे खोकी लावत ऐकायचो. ऐकून ऐकून मला ती इतकी पाठ झाली, की दाजी शिंकायला थांबले तर पुढचं वाक्य मीच टाकायचो.

त्याच दिवसांत तात्यांचं बाकावर जाणं कमी झालं. आधी उशिरा जायचे. खाली सूचनांच्या फळ्यासमोर उभे राहून पाण्याच्या टाकीची सूचना वाचत राहायचे. कोणी बाहेर निघालं की त्याच्या मागोमाग निघायचे. मी एकदा म्हणालोसुद्धा, "तात्या, टाकी धुवून झाली, आता किती वाचाल?" ते हसले. मग जाणंच बंद झालं. विचारलं तर म्हणायचे, पाय दुखतात. दाजींनी मायेने गुडघ्याचे पट्टे आणले. स्वतः खाली बसून वडिलांच्या पायांवर चढवले. तात्या ते पट्टे घालून दिवसभर खिडकीशी बसायचे. त्यांचे पाय ठणठणीत होते.

मग तो दिवस आला. भर दुपारी आम्ही एका कामावरून परतलो, कारण ड्रिलचं बिट घरी राहिलं होतं आणि ते कोण विसरलं यावर आमची रस्ताभर जुंपली होती. दाराशी आलो. दाजींनी खिशातून कार्ड काढलं आणि हात तसाच थांबला.

काचेपलीकडे तात्या होते. आमच्याकडे त्यांची अर्धी पाठ होती. ते काठीचं टोक त्या कड्यात घालायचा प्रयत्न करत होते. टोक जाड, कडं लहान. पोलादावर टक टक आवाज येत होता. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि अंगठा लावला. अंगठा वळेना. डाव्या हाताने उजव्या हाताचं बोट धरून सरळ करायला बघितलं, चेहरा वेदनेने पिळवटला. मग हाताची मूठ, मग कोपर. शेवटी त्यांनी मान वाकवून हनुवटी लावली. बागेत जायचे स्वच्छ कपडे, केस नीट विंचरलेले, आणि तो खांबावर चढणारा माणूस भिंतीवरच्या बटणाला हनुवटीने ढकलत होता.

"दाजी, उघडा," मी म्हणालो.

दाजी जागचे हलेनात. त्यांची नजर भिंतीला टेकलेल्या काठीच्या टोकावर खिळली होती. गोल, लाकडी, रबर कधीच गळून पडलेलं.

तात्यांनी मान वर केली आणि आम्हाला पाहिलं. लाजेने माणूस मरतो म्हणतात, तसा चेहरा मी तेवढा एकदाच पाहिला. नंतर दाजींकडे वळलो, तर तोच चेहरा तिथेही होता. शेवटी मीच दाजींच्या हातातलं कार्ड घेऊन टेकवलं.

"कोणी येतंय का बघत होतो," तात्या म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

घरी ताईने चहा केला. कोणी कपाला हात लावला नाही. दाजींचं असं आहे की लाज वाटली की त्यांचा आवाज चढतो.

"मला सांगायचं नाही? एवढं मोठं बटण लावून दिलं असतं, कोपराने दाबता येईल असं! मिळतात तशी! माझ्या दुकानात पडलीत!"

"कसं सांगू?" तात्या म्हणाले. "तिसऱ्यांदा बटण निखळलं तेव्हा सांगणारच होतो. तू जेवायला बसलास आणि म्हणालास, याला बापाने काही शिकवलं नसणार. मी गप्प बसलो. मग जेवढे दिवस गेले तेवढं अवघड झालं."

"मग बाजूची ती हिरवी पेटी? आगीसाठी असते ती. तिची काच दाबली की दार उघडतंच!"

"आणि भोंगा वाजतो. म्हणजे रोज सकाळी भोंगा वाजवून सगळ्या इमारतीला सांगायचं का, की लायनीवरच्या माणसाला दार उघडत नाही?"

दाजी खाली बसले. तेव्हा ताई बोलली. ती फार बोलत नाही, पण बोलते तेव्हा मुद्द्याला हात घालते.

"ते सगळं ठीक आहे. मावशीचं काय?"

तात्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. दाजींनी तोंड फिरवलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. खरं सांगतो, आपल्या माणसांची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

पुढचे काही दिवस दाजी दुकानात गप्प होते. एका गिऱ्हाइकाने मुद्दाम विचारलं, "ती दांड्याची गोष्ट सांगा ना." दाजी उठून मागच्या खोलीत गेले ते बाहेरच आले नाहीत. मी म्हणालो, पोट बिघडलंय. शेवटी एका दुपारी त्यांनी दुकान बंद केलं, शेजारच्या इमारतीत झाडणाऱ्या बाईकडून मावशीचा पत्ता काढला आणि मला म्हणाले, "चल. एकट्याने जायचं धाडस होत नाही."

मावशीची एकच खोली होती. दोरीवर कपडे वाळत होते, सून कोपऱ्यात शिवणयंत्रावर होती, मावशी खाली बसून पालेभाजी निवडत होती. आम्हाला बघून ती उठली नाही. दाजींनी उंबऱ्याशीच उभं राहून अडखळत सगळं सांगितलं. तिचे हात भाजी निवडत राहिले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

दाजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"तात्या मोडतात ते. पाहिलं होतं मी." तिने एक पिकलं पान बाजूला टाकलं. "तुम्हाला वाटलं, रोज ते काठीने उघडायचे? मी उघडायची रोज. खालची जागा मुद्दाम शेवटी ठेवायची. ते उतरले की मी बटण दाबायची, ते निघायचे. ते कधी म्हणाले नाहीत, मीही कधी बोलले नाही. माझी सुट्टी असली किंवा मी वरच्या मजल्यावर अडकले, की मग काठी."

म्हणजे दाजींनी एका झटक्यात बटणही बदललं होतं आणि दार उघडणारी बाईही काढली होती. स्वतःच्या बापाला आत कोंडून वर टाळ्या घेतल्या होत्या.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" दाजींनी विचारलं.

"बघितलं ना त्यांच्याकडे! म्हटलं, बोलतील. आता बोलतील. त्यांनी मान खाली घातली. आता म्हाताऱ्या माणसाने मान खाली घातल्यावर मी काय भर लोकांत त्याच्याकडे बोट दाखवू?" मग पहिल्यांदा तिने मान वर केली. "पण राग आहे मला. खोटं कशाला बोलू? नव्या कामावर विचारतात, आधीचं का सुटलं? काय सांगू? मोडतोड करते म्हणून काढलं? आमच्या कामात नावावर तर सगळं असतं साहेब. लोक घरं उघडी टाकून जातात आमच्या भरवशावर."

शिवणयंत्र थांबलं होतं. सून आमच्याकडे बघत होती.

"चुकलं माझं, मावशी," दाजी म्हणाले. "माफ करा."

"इथे कोण आहे? माझी सून आणि तुमचा हा मेहुणा. दोघांना ऐकवून काय होणार? जिथे बोललात, तिथे बोला. तेवढ्यांसमोर."

हे बरोबरच होतं, आणि म्हणूनच जड होतं. तिथे बोलायचं म्हणजे तात्यांचं नाव घ्यायचं. दाजी दोन रात्री झोपले नाहीत, असं ताई म्हणाली. वडिलांना विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. शेवटी त्यांनी परस्पर ठरवलं, की आपण आपल्या परीने भागवू, तात्यांना त्यात आणायला नको. सुट्टीच्या सकाळी सगळ्यांना दाराशी बोलावलं, मावशीलाही निरोप पाठवला.

ती आली. गळ्यात कार्ड नव्हतं, त्यामुळे काचेबाहेर उभी राहिली. मी बटण दाबून तिला आत घेतलं. ती पायपुसण्यावरच थांबली.

दाजींनी घसा खाकरला. "मंडळी, त्या बटणाच्या बाबतीत, म्हणजे, एक तांत्रिक अडचण होती. जागेची निवड आणि वस्तूचा दर्जा यात माझ्याकडून थोडी गफलत झाली. त्यामुळे मावशींबद्दल जो काही गैरसमज..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईवर आळ घेताना केवढा खणखणीत आवाज होता, आणि आता तांत्रिक अडचण! सेक्रेटरीबाईंना मात्र तेवढं पुरलं. "असो, गैरसमज होता, मिटला," त्या म्हणाल्या. "मावशी, सोमवारपासून या." लोक हातातल्या पिशव्या सावरून निघायला लागले. मावशीने दाजींकडे बघितलं, आणि दाजींनी आपल्या बुटांकडे.

"थांबा जरा."

तात्या जिन्यातून उतरत होते. काठी नव्हती हातात. कठडा कोपरात धरून, एकेक पायरी. दाजी पुढे धावले, "तात्या, तुम्ही कशाला..." तात्यांनी त्यांना बाजूला केलं. सरळ बटणापाशी गेले आणि सगळ्यांसमोर ते दाबायला लागले. घाई केली नाही. अंगठा लावून दाखवला, तो कड्यावरून घसरला. मग दुसरं बोट. मग दुसरा हात. वर्षभर चमच्यामागे, टी-शर्टमागे आणि पाण्याच्या टाकीच्या सूचनेमागे दडवलेले हात त्यांनी भर उजेडात आख्ख्या इमारतीला दाखवले. एका बाईने नजर फिरवली.

"मला हे दाबता येत नाही," तात्या म्हणाले. "आधीचंही येत नव्हतं. ते मी काठीने फोडलं, तिन्ही वेळा. त्या दिवशी हिला बोललात तेव्हा मी तिथे उभा होतो, त्या वळणावर. मी बोललो नाही." मग ते मावशीकडे वळले. "तू काही केलं नव्हतंस, बाई. उलट माझ्यासाठी रोज दार उघडलंस. मी तुला वाऱ्यावर सोडलं. मला माझीच लाज वाटते."

दाजी तोंडावर हात ठेवून रडत होते. सेक्रेटरीबाई खाली बघत होत्या. आता मावशी म्हणेल, जाऊ द्या तात्या, झालं गेलं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. तशी आपल्याला सवय असते.

मावशीचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता.

"त्या दिवशी का नाही बोललात, तात्या? मी तुमच्याकडेच बघत होते."

तात्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दाजींच्या घरात निरुत्तर होण्याची पद्धत नाही, पण त्या दिवशी बाप आणि मुलगा दोघेही तसेच उभे होते.

मावशी दाराकडे वळली. मग म्हणाली, "सोमवारी मी येणार नाही. बोललात तेवढं पुरे." तिने स्वतःच्या बोटाने बटण दाबलं आणि ती निघून गेली. दार सावकाश मिटलं. काचेतून ती रस्ता ओलांडताना दिसत होती.

तात्या पुढे झाले. त्यांना तिच्या मागे जायचं होतं, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं, आणि आमच्यातले पाच-सहा हात एकदम बटणाकडे गेले.

"राहू द्या," तात्या म्हणाले, आणि काचेशी उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.